घडवलेली डिव्हिजन मोडायची का? जनरल मॅकनेअर आणि १९४४ मधला पायदळाचा तुटवडा

प्रकरण थोडक्यात

१९४४ च्या सुरुवातीला अमेरिकी भूदलासमोर वरवर साधा वाटणारा एक हिशेब येऊन पडला. इटलीत पायदळाचे सैनिक अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मरत आणि जखमी होत होते. नॉर्मंडीची स्वारी तोंडावर आली होती. रिकाम्या होणाऱ्या जागा भरायला तयार माणसं पुरत नव्हती. मायदेशातल्या छावण्यांत मात्र महिनोन्महिने एकत्र शिकलेल्या, भरल्या संख्येच्या डिव्हिजन (प्रत्येकी चौदा-पंधरा हजार सैनिकांच्या, स्वतंत्रपणे लढणाऱ्या मोठ्या तुकड्या) उभ्या होत्या. मग त्यांच्यातली माणसं काढून आघाडीवर पाठवायची का? या प्रश्नाचा भार ज्यांच्या कामावर पडला, त्या लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर यांनीच या डिव्हिजन घडवल्या होत्या.

मॅकनेअर आणि त्यांचे वरिष्ठ ही इतिहासात नोंदलेली माणसं आहेत, म्हणून त्यांची नावं घेतली आहेत. खालच्या पातळीवरचे कमांडर आणि सैनिक यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. त्यांच्या वाट्याला जे आलं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं, आणि इथे प्रश्न ठरवणाऱ्यांचा आहे.

पार्श्वभूमी: शिक्षक म्हणून घडलेला सेनापती

मॅकनेअर यांचा जन्म १८८३ चा, मिनेसोटा राज्यातल्या व्हर्नडेल या छोट्या गावातला. १९०४ मध्ये ते वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि तोफखान्यात गेले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकी फौजेचे सेनापती जनरल पर्शिंग यांच्या मुख्यालयात त्यांच्याकडे प्रशिक्षणाचं काम आलं. पायदळ पुढे सरकत असताना तोफांनी त्याला नेमकी साथ कशी द्यायची, हा त्यांचा खास विषय होता. १९१८ च्या ऑक्टोबरात, ३५ व्या वर्षी, ते ब्रिगेडियर जनरल झाले. युद्ध संपल्यावर सैन्य आकसलं, इतर अनेकांसारखा त्यांचाही तात्पुरता हुद्दा गेला आणि ते पुन्हा मेजर झाले. वर चढायला त्यांना पुढची जवळजवळ वीस वर्षं लागली.

त्या वीस वर्षांत त्यांनी जे केलं, ते या प्रकरणासाठी लढायांपेक्षा महत्त्वाचं आहे. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट सॅम ह्यूस्टन इथे नव्या पद्धतीच्या डिव्हिजनची मोठी चाचणी झाली, तेव्हा ते चाचणीतल्या डिव्हिजनचे चीफ ऑफ स्टाफ होते. जुनी डिव्हिजन पायदळाच्या चार रेजिमेंटांची (काही हजार सैनिकांच्या तुकड्यांची), अवजड आणि हलायला मंद होती. नवी तीन रेजिमेंटांची. प्रत्येक तुकडीत किती माणसं, किती गाड्या, किती तोफा खरोखर लागतात, हे मोजून ठरवायचं होतं. मॅकनेअर यांना असं मोजणं मनापासून आवडायचं. पुढे डिव्हिजनमधला प्रत्येक जास्तीचा ट्रक आणि प्रत्येक जास्तीचा कारकून त्यांच्या नजरेत खुपू लागला, त्याची मुळं या चाचणीत आहेत.

१९३९ मध्ये ते फोर्ट लेव्हनवर्थच्या कमांड अँड जनरल स्टाफ स्कूलचे प्रमुख झाले. वर्षभरात लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी त्यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतलं आणि साऱ्या भूदलाच्या प्रशिक्षणाची सूत्रं हाती दिली. त्यांना ऐकू कमी येत असे. एवढ्या कारणावरून ते बाजूला पडू शकले असते, पण मार्शल यांनी ते आड येऊ दिलं नाही. मार्च १९४२ मध्ये आर्मी ग्राउंड फोर्सेस हे नवं मुख्यालय उभं राहिलं आणि मॅकनेअर त्याचे प्रमुख झाले. १९३९ मध्ये जेमतेम १,९०,००० माणसांचं असलेलं हे सैन्य युद्ध संपेपर्यंत ८० लाखांवर गेलं. शेतकरी, कारकून, दुकानातली पोरं यांतून लढणाऱ्या डिव्हिजन उभ्या करण्याची जबाबदारी या एका मुख्यालयावर होती.

त्यांची पद्धत काय होती

ही पद्धत नीट समजली नाही तर १९४४ मध्ये नेमकं काय मोडलं हे कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

नवी डिव्हिजन उभी करायची तर आधीच्या एखाद्या डिव्हिजनमधून बाराशे-तेराशे अनुभवी अधिकारी आणि हवालदार घ्यायचे. हा तिचा सांगाडा. मग सक्तीच्या भरतीतून आलेले हजारो रंगरूट त्याच्याभोवती भरायचे. पहिले १७ आठवडे एकेकट्या सैनिकाचं शिक्षण. नंतरचे १३ आठवडे सेक्शनपासून, म्हणजे सर्वांत लहान गटापासून, रेजिमेंटपर्यंतच्या तुकड्यांचं. त्यानंतरचे १४ आठवडे पायदळ, तोफखाना, इंजिनिअर यांनी मिळून लढायचं शिक्षण. शेवटी मोठ्या मैदानावर दोन बाजूंचा युद्धसराव.

यात तीन गोष्टी मॅकनेअर यांनी कधी सोडल्या नाहीत. तुकडीला तिच्या स्वतःच्या अधिकाऱ्यानेच शिकवायचं, कारण लढाईत हुकूम त्याचाच चालणार असतो. प्रत्येक टप्प्यानंतर परीक्षा वरच्या मुख्यालयाने घ्यायची, म्हणजे डिव्हिजनने स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेऊ नये. आणि सराव संपला की लगेच, आठवणी ताज्या असताना, सगळ्यांसमोर चुकांची चर्चा करायची. चुकलेला कर्नल असो की जनरल, त्याला तिथेच ऐकून घ्यावं लागे.

१९४१ च्या सप्टेंबरात लुईझियानात झालेला सराव हे या पद्धतीचं सर्वांत मोठं दर्शन होतं. सुमारे ४ लाख सैनिक, दोन आर्म्या (अनेक डिव्हिजन मिळून कोअर आणि कोअर मिळून होणाऱ्या फौजा) समोरासमोर, आणि काय करायचं हे आधी लिहून दिलेलं नाही. सेनापतींनी स्वतः ठरवायचं, पंचांनी निकाल द्यायचा. शस्त्रं अपुरी होती, त्यामुळे कुठे ट्रकवर ‘टँक’ लिहून तो रणगाडा मानला गेला, कुठे लाकडी ओंडक्याची तोफ झाली. पण अधिकाऱ्यांची पारख खरी झाली. त्या वर्षीच्या सरावांत आर्मी, कोअर आणि डिव्हिजन चालवणाऱ्या ४२ सेनापतींपैकी ३१ जण पुढे बाजूला केले गेले किंवा दुसरीकडे हलवले गेले. असा निष्ठुरपणा युद्धाआधी दाखवणं परवडतं. युद्धात तोच धडा माणसं गमावून शिकावा लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे. नेम धरायला सैनिकाला एकट्याला शिकवता येतं. पण शेजारचा कधी उठणार, हवालदाराचा आवाज चढला की त्याचा अर्थ काय, रेडिओ बंद पडला की धावत कोण जाणार, हे फक्त एकत्र राहून येतं. मॅकनेअर यांच्या वेळापत्रकातले शेवटचे २७ आठवडे यासाठीच होते.

अडचण

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पोहोचलेल्या कित्येक अमेरिकी डिव्हिजन आघाडीवर न जाताच मोडल्या गेल्या आणि त्यांची माणसं इतरांच्या रिकाम्या जागांवर वाटली गेली. मॅकनेअर त्या वेळी त्याच मुख्यालयात होते, त्यांनी हे जवळून पाहिलं होतं. तसं पुन्हा होऊ नये म्हणून दुसऱ्या महायुद्धात बदली सैनिक तयार करणारी वेगळी प्रशिक्षण केंद्रं काढली गेली. तिथे रंगरूट १३ आठवडे, १९४३ च्या मध्यापासून १७ आठवडे शिकायचा आणि मग एकेकटा, कोणत्याही तुकडीचा नसलेला, समुद्रापार जायचा. रचना कागदावर नीट होती: डिव्हिजन घडवणारी वाट वेगळी, तिची झीज भरून काढणारी वाट वेगळी.

बिघडलं ते अंदाजांमुळे. कोणत्या शाखेत किती माणसं पडतील याचे आकडे चुकले. इतर शाखांसाठी जास्त माणसं तयार झाली, पायदळासाठी फार कमी. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीच्या डोंगरांत हे उघड झालं, कारण तिथे मरत होते ते बहुतेक रायफल कंपन्यांमधले, म्हणजे पुढच्या फळीत लढणाऱ्या पायदळाच्या छोट्या तुकड्यांमधले.

त्यातच पायदळाकडे माणसंही उरलीसुरली येत होती. भरतीनंतर बुद्धीची चाचणी होई, आणि वरच्या श्रेणीतल्यांचा मोठा वाटा नियमानेच हवाई दलाकडे जाई. तांत्रिक कौशल्य असलेले सेवाशाखांत जात. आणखी हजारो हुशार पोरं सैन्याच्या खास कार्यक्रमाखाली विद्यापीठांत शिकत होती. मॅकनेअर यांच्या मुख्यालयाने मोजून दाखवलं की पायदळातला सरासरी सैनिक सैन्याच्या सरासरीपेक्षा ठेंगणाही आहे आणि वजनानेही कमी आहे. सर्वांत जास्त ओझं वाहणारा, शत्रूच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस सर्वांत शेवटी निवडला जात होता. यावर त्यांनी सातत्याने लिहिलं, भांडले. पायदळाच्या सैनिकाला वेगळा बिल्ला मिळावा हा त्यांचाच आग्रह. १९४३ च्या ऑक्टोबरात तो मान्य झाला आणि पुढच्या वर्षी त्याला जोडून महिन्याला काही डॉलर जास्तीचे मिळू लागले.

आणि तिसरी गाठ वयाची. १९४४ पर्यंत प्रशिक्षण केंद्रांत येणाऱ्यांमध्ये १८ वर्षांच्या पोरांचं प्रमाण फार वाढलं होतं. त्यांना १७ आठवडे शिकवून थेट आघाडीवर पाठवणं लोकांना आणि काँग्रेसला पटणारं नव्हतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये युद्धखात्याने ठरवलं की दुसरी माणसं हाताशी असतील तोवर, सहा महिन्यांहून कमी शिक्षण झालेल्या १८ वर्षांच्या मुलांना बदली सैनिक म्हणून पाठवायचं नाही. युद्धाआधीपासून बाप असलेल्यांनाही हीच सवलत होती.

आता दुसरी माणसं कुठे होती? मायदेशातल्या डिव्हिजनमध्ये.

समोरचे पर्याय

थकलेली अख्खी डिव्हिजन आघाडीवरून मागे घ्यायची, तिच्या जागी ताजी पाठवायची आणि मागे आलेलीला नवी माणसं मुरवून घ्यायला वेळ द्यायचा, हा माझ्या मते सर्वांत योग्य मार्ग होता. तो १९४४ मध्ये उरलाच नव्हता. १९४१ च्या अंदाजात दोनशेहून जास्त डिव्हिजन लागतील असं धरलं होतं. १९४३ मध्ये मर्यादा ९० वर आली. कारखाने, शेती, नौदल आणि प्रचंड हवाई दल यांना माणसं हवी होती, म्हणून हा मुद्दाम पत्करलेला जुगार होता. अखेर ८९ राहिल्या आणि युरोपातलं युद्ध संपेपर्यंत दोन सोडून सगळ्या लढाईत उतरल्या. आलटूनपालटून विश्रांती द्यायला मागे काहीच शिल्लक नव्हतं.

दुसरा मार्ग १८ वर्षांच्या पोरांना पाठवण्याचा. शिक्षणाच्या दृष्टीने ती पोरं वाईट नव्हती, तरुण आणि चपळ होती. पण हा निर्णय सैनिकी हिशेबावर होणारच नव्हता.

तिसरा, पिछाडीची आणि इतर शाखांची झाडाझडती घेऊन पायदळात माणसं आणण्याचा. हा काही प्रमाणात झाला. फेब्रुवारी १९४४ मध्ये विद्यापीठांतला कार्यक्रम एकदम आवळला गेला आणि लाखाहून जास्त विद्यार्थी सैनिक मोकळे झाले. हवाई दलाचे हजारो उमेदवारही भूदलाकडे आले. मात्र ही माणसं पायदळासाठी कोरी होती. त्यांना लगेच आघाडीवर पाठवता येत नव्हतं.

उरला चौथा मार्ग. छावणीतल्या डिव्हिजनमधून शिकलेली माणसं काढायची, ती आघाडीवर पाठवायची, आणि रिकाम्या जागी ही नवी पोरं भरायची. तिथे त्यांना सहा महिने शिकायला मिळतील, वयाचा नियमही पाळला जाईल. हिशेब जुळत होता.

एक पर्याय मात्र तेव्हा स्वीकारला गेला नाही: बदली सैनिकांना एकेकटं न पाठवता एकत्र शिकलेल्या सेक्शनच्या सेक्शननं पाठवायचं. जहाजातली जागा, रिकाम्या पदांचा मेळ, कागदपत्रं या सगळ्यांना एकेकटा माणूस हाताळायला सोपा जातो. सोय म्हणून निवडलेली पद्धत मग सवयीची झाली.

काय केलं

चौथा मार्ग निवडला गेला. धोरण युद्धखात्याचं, अंमलबजावणी मॅकनेअर यांच्या मुख्यालयाची. माणसं काढल्याने शिक्षणाची घडी विस्कटते ही तक्रार त्या मुख्यालयाची १९४२ पासूनचीच होती. तेव्हा अधिकारी-प्रशिक्षण, हवाई दल आणि नव्या डिव्हिजनचे सांगाडे यांसाठी माणसं जात. आता जाणारा माणूस शिकून तयार झालेला शिपाई होता, आणि संख्या कितीतरी मोठी.

ज्या डिव्हिजन समुद्रापार जायला सर्वांत उशीर होता, त्यांच्यावर पहिली पाळी आली. १०६ वी पायदळ डिव्हिजन घ्या. मार्च १९४३ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला ती उभी राहिली. तिने वेळापत्रकातले टप्पे पार केले, १९४४ च्या सुरुवातीला टेनेसीतला मोठा सराव केला आणि इंडियानातल्या कॅम्प अ‍ॅटरबरीला आली. म्हणजे मॅकनेअर यांच्या मोजपट्टीने ती जवळजवळ तयार होती. त्यानंतर ऑगस्टपर्यंत तिच्यातले निम्म्याहून जास्त शिपाई टप्प्याटप्प्याने काढले गेले. बदल्यात आली विद्यापीठातली पोरं, हवाई दलाचे उमेदवार, मोडलेल्या छोट्या तुकड्यांमधली माणसं. कागदावर डिव्हिजन तीच, क्रमांक तोच. अधिकारी आणि बरेच हवालदारही तेच. त्यांच्यासमोर उभी राहणारी माणसं मात्र वेगळी, आणि त्यांना घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला वेळ नव्हता.

मॅकनेअर यांना याचा शेवट पाहायला मिळाला नाही. आपली माणसं लढाईत कशी वागतात हे मुख्यालयात बसून कळत नाही, असं ते मानत. १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात आघाडीच्या फार जवळ गेल्याने तोफगोळ्याच्या तुकड्यांनी ते जखमी झाले होते. जुलै १९४४ मध्ये त्यांना युरोपात एका बनावट आर्मी ग्रुपचा सेनापती म्हणून पाठवलं गेलं, जर्मनांना खऱ्या हालचालींचा पत्ता लागू नये म्हणून. २५ जुलैला नॉर्मंडीतल्या सँ-लोजवळ, जर्मन फळी फोडण्याच्या ऑपरेशन कोब्रा या मोहिमेआधीच्या बॉम्बफेकीत अमेरिकी विमानांचे काही बॉम्ब आपल्याच फौजेवर पडले. १११ जण ठार झाले, त्यांत मॅकनेअर होते. ते पुढच्या फळीतल्या पायदळासोबत होते. बनावट आर्मी ग्रुपचं गुपित राखायचं म्हणून अंत्यविधी मोजक्या सेनापतींच्या उपस्थितीत गुपचूप उरकला गेला. पंधरवड्याच्या आत त्यांचा एकुलता मुलगाही ग्वाममध्ये मारला गेला.

परिणाम

आधी या निर्णयाची जमेची बाजू. नॉर्मंडीत आणि त्यानंतर अमेरिकी डिव्हिजन संख्येने टिकून राहिल्या. त्याच उन्हाळ्यात ब्रिटिशांना माणसांअभावी ऑगस्टमध्ये ५९ वी डिव्हिजन मोडावी लागली, वर्षअखेरीस ५० वी. अमेरिकेवर ती वेळ आली नाही. शिवाय काढून पाठवलेला शिपाई केंद्रातून आलेल्या पोरापेक्षा जास्त शिकलेला होता.

पण तो पोहोचायचा कसा? जहाजाने इंग्लंड किंवा फ्रान्स, मग एका डेपोतून दुसऱ्या डेपोत, कधी आठवड्यांमागून आठवडे, अनोळखी लोकांमध्ये, कोणी विचारणारं नाही. जिच्याबरोबर वर्ष काढलं ती कंपनी मागे इंडियानात. शेवटी एखाद्या रात्री ट्रकमधून उतरवून त्याला खड्ड्यात नेलं जायचं आणि सकाळी हल्ला. सेक्शनच्या हवालदाराला त्याचं नाव कळायच्या आधीच तो जखमी किंवा मृत झाल्याची उदाहरणं इतकी आहेत की त्यांना अपवाद म्हणता येत नाही. वर्षभराच्या एकत्र शिक्षणातून जे मिळवलं होतं, त्यातलं त्याच्याबरोबर आलं ते फक्त नेमबाजीपुरतं. बाकीचं मागे राहिलेल्यांच्याही कामाचं उरलं नाही, कारण जोडीदारच गेला होता. या व्यवहारात दोन्हीकडे तोटा झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एक माणूस काढला की एक जागा रिकामी होते असा हिशेब धरला होता. तुकडीच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो.

१०६ वी डिव्हिजन हिवाळ्याच्या तोंडावर युरोपात आली. ११ डिसेंबरला तिने बेल्जियम-जर्मनी सीमेवरच्या आर्देन या जंगली डोंगराळ भागात, श्ने आयफेलच्या टेकड्यांवर एका अनुभवी डिव्हिजनची जागा घेतली. भाग शांत मानला जात होता. १६ डिसेंबरला जर्मन हल्ला आला. टेकड्यांवरच्या दोन रेजिमेंट वेढल्या गेल्या आणि १९ तारखेला त्यांनी शस्त्रं ठेवली. सहा हजारांहून जास्त माणसं कैद झाली. युरोपातल्या मोहिमेत अमेरिकी सैन्यावर ओढवलेली ही सर्वांत मोठी शरणागती.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. त्या टेकड्यांवरची जागाच पुढे घुसलेली आणि दोन्ही बगलांनी उघडी होती. फळी फार लांब होती. माघारीचा निर्णय वेळेत झाला नाही. पूर्ण शिकलेली डिव्हिजनही तिथे अडकली असती. आणि थोडी उत्तरेला असलेल्या ९९ व्या डिव्हिजनमधूनही माणसं काढली गेली होती, तिच्यातही विद्यापीठातली पोरं भरली होती. तरी ती क्रिंकेल्ट आणि रोशराथच्या परिसरात अनुभवी २ ऱ्या डिव्हिजनबरोबर लढत एल्सेनबॉर्नच्या कड्यापर्यंत सुस्थितीत मागे आली आणि तिथे ठाम उभी राहिली.

फरक कशाने पडला? ९९ वी नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून त्या फळीवर होती. महिनाभराहून जास्त काळ गस्ती, थंडी, रात्रीचे आवाज यांत तिची माणसं एकमेकांना ओळखू लागली होती. शेजारी आधाराला जुनी डिव्हिजन होती. १०६ व्या डिव्हिजनला मिळाले पाच दिवस. छावणीत हिरावलेला वेळ एकीला आघाडीवर परत मिळाला, दुसरीला मिळाला नाही.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

१९४४ च्या वसंतात मॅकनेअर यांच्यासमोर चांगला पर्याय नव्हता, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याआधीच्या एका जागी त्यांचा स्वतःचा हात होता. सडपातळ डिव्हिजन हा त्यांचा ध्यास. १९४३ मध्ये त्यांच्या मुख्यालयाने पायदळ डिव्हिजनची कसून छाटणी मांडली आणि अखेर संख्या सुमारे १५,५०० वरून १४,२५३ वर आली. जहाजांची टंचाई पाहता त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मात्र छाटलेल्या डिव्हिजनमध्ये झीज सोसायची जागा राहत नाही. शंभर-सव्वाशे रायफलधारी गेले की कंपनी कोलमडते, आणि तिला माणसं ताबडतोब लागतात. मोजूनमापून बसवलेली रचना ज्या पुरवठ्यावर उभी होती, तो पुरवठा मॅकनेअर यांच्या एकट्याच्या हातात नव्हता. ९० डिव्हिजनची मर्यादा आणि सडपातळ डिव्हिजन यांचा विचार एकत्र करून पुढच्या दोन वर्षांची झीज मांडायला हवी होती. दोन वेगवेगळे काटकसरीचे निर्णय एकाच जागी, रायफल कंपनीवर, येऊन बसले.

माणसांच्या वाटपाची लढाई ते योग्य बाजूने लढले, पण उशिरा जिंकले. १९४२ मध्येच पायदळाला बुद्धीने आणि शरीराने सरस माणसांचा हिस्सा मिळाला असता, तर १९४४ मध्ये कोऱ्या पोरांची अशी एकाएकी लाट भरून घ्यावी लागली नसती. याचा दोष त्यांच्यापेक्षा वरच्यांकडे जातो.

माणसं काढायचीच होती, तर ती अनेक डिव्हिजनमधून थोडी थोडी, पुन्हा पुन्हा काढण्याऐवजी मोजक्या डिव्हिजन उघडपणे डेपो म्हणून जाहीर करता आल्या असत्या. त्या लढायला जाणार नाहीत असं आधीच ठरवायचं, त्यांच्यातून माणसं घ्यायची, आणि बाकीच्यांना हातही लावायचा नाही. पहिल्या महायुद्धातल्या कटू अनुभवामुळे असं जाहीर करणं सर्वांनाच नको होतं. डिव्हिजनच्या कमांडरला ते अपमानाचं वाटलं असतं, वृत्तपत्रांनी आकडा मोजला असता. पण ९० अर्धवट डिव्हिजनपेक्षा ८५ पूर्ण डिव्हिजन मी निवडल्या असत्या. आठ-दहा जणांच्या ओळखीच्या गटाने पाठवण्याची सक्तीही याबरोबर जोडता आली असती, कारण एकाच डेपो-डिव्हिजनमधून येणारी माणसं आधीच एकमेकांची असतात.

आणि शेवटची जागा, जिथे मॅकनेअर यांचा स्वतःचाच नियम पाळला गेला नाही. वरच्या मुख्यालयाने घेतलेली परीक्षा पास झाल्याशिवाय डिव्हिजन पुढच्या टप्प्यावर जात नसे. १०६ वी डिव्हिजन ती परीक्षा देऊन बसली होती, पण परीक्षा दिलेले निम्म्याहून जास्त शिपाई निघून गेले होते. तिचा निकाल रद्द धरून तुकडीचे १३ आणि एकत्रित शिक्षणाचे १४ आठवडे पुन्हा मोजायला हवे होते. ऑगस्टच्या अखेरीपासून मोजले तर ती १९४५ च्या मार्चच्या सुरुवातीला तयार झाली असती. तोवर श्ने आयफेलवर ११ डिसेंबरला दुसरं कोणीतरी उभं करावं लागलं असतं. नोव्हेंबरात ह्युर्टगेनच्या जंगलात सहा हजारांहून जास्त माणसं गमावून त्याच भागात विश्रांतीला आलेली २८ वी डिव्हिजन आधीच तिथे शेजारी ताणलेली होती. वेळापत्रक पुन्हा सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याला ही किंमत वरिष्ठांसमोर आकड्यांत मांडावी लागली असती: इतके आठवडे, इतक्या किलोमीटरची फळी उघडी, इतक्या थकलेल्या माणसांवर आणखी भार. मॅकनेअर यांना असा हिशेब मांडता येत होता, आणि मार्शल तो ऐकून घेत असत. ऑगस्ट उजाडला तेव्हा ते हयात नव्हते.